दोन गावांची दुधवेल

पुण्यात लॅटिन शिकलेली धुळाजीची अंजू पाटोद्यात मेंढरांच्या वाड्यापाशी बसून काय करते, हा गावाचा आवडता प्रश्न. मी अनुवाद करते. पैसा बेताचा, पण नाक वर.

दोन वर्षं झाडपाल्याच्या औषधांचा एक ग्रंथ हातात होता. मूळ ग्रीक, त्याचं अरबी, आणि अरबीवरून आठशे वर्षांपूर्वी कुणा पंडिताने केलेलं लॅटिन. डोळे आल्यावर घालायच्या रसापाशी या पंडिताने झाडाचं अरबी नाव तसंच ठेवलेलं. अडलं की सोडून द्यायचं, हा कसला पंडित? मला हसूच आलं. वर्णन सोपं होतं: वेल, जाड पान, तोडलं की पांढरा चीक. मी 'दुधवेल' लिहून मोकळी झाले.

अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, जन्म मेंढरांमागे गेलेला. मोठ्या तोऱ्यात त्यांना ते पान वाचून दाखवलं.

"कोन्त्या गावची दुधवेल?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"माझा ह्यो डोळा कशानं गेला, ठाव हाय का?"

"काटा लागून."

"न्हाई. धारूरकडं मेंढरं घेऊन गेलतो. डोळे आलते, उघडत नव्हते. तिथल्या एकाला म्हनलं, दुधवेल आनून दे. त्यानं बिचाऱ्यानं आनली. म्या न बघताच चीक घातला. त्याच्या गावात दुसऱ्याच येलीला दुधवेल म्हनत्यात."

"मग काट्याचं का सांगितलं?"

"त्याचं नाव कशाला खराब करायचं? त्यो खोटा नव्हता."

मला माझी लाज वाटली. त्या पंडिताला झाड कळलं नव्हतं, आणि त्याने ते लपवलं नव्हतं. मी 'दुधवेल' खोडलं, अरबी शब्द देवनागरीत लिहिला आणि खाली टीप दिली: हे झाड मला ओळखता आलेलं नाही.

अनुवाद पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी प्रकाशकांचा फोन आला. असली टीप वाचून पुस्तक कोण घेईल? नाव घाला, नाहीतर आम्ही घालतो. मी बरंच समजावलं. शेवटी म्हणाले, डोळ्यात कोण घालतंय, लोक नुसतं वाचतात. मग मी अनुवादच परत मागून घेतला.

फोन ठेवल्यावर मला रडू आवरेना. अण्णा जवळ येऊन बसले.

"काम गेलं का?"

"गेलं. दोन वर्षांचं."

"काम दुसरं मिळंल," गेलेल्या डोळ्याला बोट लावत अण्णा म्हणाले.