लाजरी

चित्र हातात घेतलं तेव्हा मास्तरांना बरंच वाटलं. होणाऱ्या जावयाचा हात खरोखर चांगला होता. लग्नाला अजून अवकाश होता, पण पाहुणे घरी येऊन चहाचा पहिला घोट घेतल्यापासून विहीणबाईंना लेकाच्या कौतुकाशिवाय दुसरा विषय नव्हता. त्यात समोर बसलेले मास्तर म्हणजे जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. चित्र बाहेर निघणारच होतं.

"तुमच्या घरातलं ते 'लाजरी' पाहिलं ना, तेव्हाच हा म्हणाला, मीही हिचं असंच काढणार," विहीणबाई म्हणाल्या. "आता तुम्ही सांगा, काय दिसतं त्यात?"

'लाजरी' म्हणजे मास्तरांनी नव्या लग्नात काढलेलं बायकोचं चित्र. घरी दारासमोरच लावलेलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते बघितल्याशिवाय चहा मिळत नसे. मास्तर स्वतःला माणसं वाचणारे समजत. ते नुसते खाकरले तरी घर चिडीचूप होई, त्याला ते शिस्त म्हणत.

त्यांनी चष्मा पुसला. समोरच्या कोचावर बायको आणि लेक शेजारी शेजारी बसल्या होत्या. कागदावर तीच लेक खुर्चीत बसलेली, साध्या पेन्सिलीने काढलेली. केसांची छटा सुरेख, गालावरचा उजेड अगदी जिथल्या तिथे. पापण्या खाली, खालचा ओठ किंचित आत घेतलेला.

"लाजतेय," जावई म्हणाला.

मास्तर शाळेत मुलांना एक युक्ती शिकवत. चेहऱ्याचं तोंड झाका आणि नुसते डोळे बघा; तोंड थापा मारतं, डोळ्यांना ते जमत नाही. सवयीने त्यांनी चित्रातल्या ओठांवर तळवा ठेवला. लाजणारी माणसं नजर चुकवतात. ही नजर चुकवत नव्हती. ती कशावर तरी खिळली होती, काढणाऱ्याच्या चेहऱ्याच्या बरीच खाली.

"ही बघतेय कुठे?" त्यांनी विचारलं.

"कुणास ठाऊक. माझ्या हाताकडे असेल. सारखी हलत होती हो, मग एकदा चांगलाच ओरडलो. पट्टी आपटली टेबलावर. त्यानंतर हूं नाही की चूं नाही." तो मोकळेपणाने हसला. "म्हणून तर इतकं छान जमलं."

त्याला काहीही कळलं नव्हतं. जे दिसलं ते त्याने इमानदारीने काढलं होतं. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे लाजणं नाही!" ते ओरडले आणि त्यांचा हात टेबलावर दाणकन आपटला. बशीतला कप कलंडला. "माझी पोर घाबरलीय यात. तुम्हाला दिसत नाही?"

मास्तरांनी मोठ्या आशेने लेकीकडे पाहिलं. बाप तिच्या बाजूने उभा राहिला होता, तिला आता धीर यायला हवा होता.

ती त्यांच्याकडे बघत नव्हती. टेबलावरच्या त्यांच्या हाताकडे बघत होती. पापण्या खाली, ओठ आत. आणि तिच्या शेजारी तिची आईही तशीच, त्याच हाताकडे.

घरी दारासमोर लावलेल्या 'लाजरी'वर तळवा ठेवून बघायची मास्तरांना आता गरज उरली नव्हती. त्याची रेघ न् रेघ त्यांना पाठ होती. त्यांनी हात उचलला आणि कुठे ठेवावा हे न सुचून मांडीखाली दाबून धरला.

"बाळा," ते कसंबसं म्हणाले, "हे लग्न नको असेल तर तसं सांग. कुणी काही म्हणणार नाही. आपण आत्ताच्या आत्ता घरी जाऊ."

लेकीने ओठ सोडला. ती बोलली, पण त्यांच्याशी नाही.

"आई," ती म्हणाली, "आपण दोघी कुठे जाऊ या?"