सहा नंबरचा सत्त्याण्णव

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात दादा गोड बोलून काम आणतो आणि ते करताना मी सगळ्यांवर डाफरते. प्रोग्राम लिहिणारी मी एकटी. बाकीचे दोघं हॉस्पिटलांत जाऊन वायरी ओढतात आणि माझा फोन आला की तो कुणी घ्यायचा यावरून भांडतात.

आमचा माल एकच आहे. वॉर्डात आठ खाटा, प्रत्येक खाटेशी एक मशीन. पेशंटच्या बोटाला चिमटा लावलेला असतो, त्यावरून ते रक्तातला ऑक्सिजन मोजतं. हे आठ आकडे वायरींवरून नर्सच्या टेबलावरच्या एका स्क्रीनवर आणायचे आणि कुठलाही आकडा नव्वदच्या खाली गेला की टेबलावर घंटा वाजवायची, एवढं माझा प्रोग्राम करतो. मग खाटेजवळच्या मशीनचा आवाज बंद ठेवता येतो, पेशंटला झोप लागते. दादाने माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात छापलं होतं, ‘शांत वॉर्ड’. बारा हॉस्पिटलांनी घेतलं.

पहिल्या हॉस्पिटलात पहिल्याच आठवड्यात माझी चांगली खरडपट्टी निघाली. मी प्रोग्राम सरळसोट लिहिला होता. एक नंबरच्या वायरीला आकडा विचारायचा, तो आला की दोन नंबर, मग तीन. विचारलं की उत्तर येईपर्यंत तिथेच थांबायचं. तीन नंबरच्या पेशंटला एक्स-रेला नेलं, मशीन बंद केलं आणि माझा प्रोग्राम तीन नंबरच्या दारात ठाण मांडून बसला. चारपासून आठपर्यंत कुणाकडे तो फिरकलाच नाही.

तिथल्या मोठ्या सिस्टरनी मला बोलावून घेतलं. तेव्हाच चोवीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, आवाज असा की डॉक्टरसुद्धा चपला सरळ काढून ठेवतात.

“बाई, तुमचं यंत्र तीन नंबरच्या तोंडाकडे बघत बसलंय. बाकीच्यांनी काय करायचं? रांगेत उभं राहायचं?”

मला राग आला, कारण बाई बरोबर बोलत होत्या. मी तिथेच टेबलाशी बसून प्रोग्राम बदलला. आता तो आधी नुसतं डोकावून बघतो, वाचायला काही आलंय का. आलं असेल तर घेतो, नसेल तर न थांबता पुढच्या वायरीकडे जातो. कुणी गप्प बसला म्हणून बाकीचे अडत नाहीत. या धंद्यातला हा अगदी पहिला धडा. तो मला एका नर्सने शिकवला, हे मी कुणाला सांगत नाही.

पण नवीन अडचण आली. मशीन सेकंदाला एकदा आकडा पाठवतं आणि माझा प्रोग्राम सेकंदाला वीस वेळा डोकावतो. बहुतेक वेळा काही आलेलंच नसतं. मग स्क्रीनवरचा चौकोन मोकळा दिसायचा, भरायचा, पुन्हा मोकळा.

“हे लुकलुकणं थांबवा,” सिस्टर म्हणाल्या. “मोकळा चौकोन दिसला की नातेवाईक माझ्या अंगावर धावून येतात. त्यांना वाटतं, माणूस गेला. काहीतरी दिसू दे तिथे.”

काही आलं नसेल तर आधीचाच आकडा ठेवायचा, अशी एक ओळ मी लिहिली. लुकलुक थांबली. सिस्टरनी चहा पाजला. एक सेकंद जुना आकडा, त्यात काय बिघडतं? एक मिनिट जुना असेल तर काय, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. पडला नव्हता असं म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं. पण त्या ओळीच्या शेजारी माझ्याच हाताने लिहिलेलं आहे, ‘तात्पुरतं. वेळ मोजायला हवी. नंतर बघू.’ खाली तारीख. दोन वर्षांपूर्वीची.

गेल्या बुधवारी दुपारी त्याच वॉर्डात सहा नंबरच्या खाटेवर एक म्हातारे शिंपी होते. फरशी पुसताना कुणीतरी खाट जराशी सरकवली आणि मशीनमागची आमची वायर अर्धी निसटली. थोड्या वेळाने त्यांच्या नाकातली ऑक्सिजनची नळीही सरकली. खाटेजवळच्या मशीनवर आकडा खाली खाली जात होता, पण त्याचा आवाज बंद होता. शांत वॉर्ड. टेबलावर घंटा वाजली नाही. अकरा मिनिटांनी त्यांची बायको भेटायला आली, तिने निळे पडलेले ओठ बघितले आणि किंचाळली. शिंपीकाका वाचले. बायकोला मात्र ते अजून ओळखत नाहीत. ती चष्मा पुसून त्यांच्या डोळ्यांवर ठेवते आणि ते तिच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघतात.

त्या वेळी टेबलावर मोठ्या सिस्टर होत्या. चौकशी समितीने आमच्याकडून नोंदी मागवल्या. माझ्या प्रोग्राममध्ये आकडा आला तरच नोंद होते. सहा नंबरच्या नोंदीत अकरा मिनिटांची सरळ पोकळी होती. सिस्टर म्हणत होत्या, मी दोनदा स्क्रीनकडे बघितलं, सहा नंबरला सत्त्याण्णव होता, म्हणून मी आठ नंबरच्या पेशंटला सुई लावायला गेले. समितीचं म्हणणं, आकडा आलाच नाही तर सत्त्याण्णव दिसेल कुठून? चौकोन मोकळाच असणार. बाईंनी बघितलंच नाही आणि आता वर खोटं बोलताहेत.

समितीचं हे सगळं सांगणारं पत्र शनिवारी आलं. मी प्रोग्राम उघडला आणि ती ओळ दिसली. खुर्चीतून उठावंसंच वाटेना.

रविवारी दादाच्या घरी गेले. वहिनी आत होती. दादाने सगळं ऐकून घेतलं, आणि तो ओरडला नाही हेच मला जड गेलं.

“आधी बाराही ठिकाणी दुरुस्त कर,” तो म्हणाला.

“ते करतेच आहे. उद्या संध्याकाळपर्यंत सगळीकडे जाईल.”

“मग झालं की. कुणाला धोका राहिला नाही.”

“सिस्टर राहिल्या ना, दादा.”

“ठकू, आपण खोटं कुठे बोलतोय? नोंद मागितली, नोंद दिली. आणि काहीतरी दाखवा म्हणून त्यांनीच सांगितलं होतं ना तुला?”

“काहीतरी म्हणाल्या होत्या. खोटं दाखवा नव्हत्या म्हणाल्या.”

“आपल्याकडे चार घरं जेवतात. बारा हॉस्पिटलं एका दिवसात आपलं सामान बाहेर काढून ठेवतील. विचार कर.”

मी विचार केला. लाज वाटते सांगायला, पण खरंच केला. सोमवारी दिवसभर दुरुस्ती पाठवत होते, आणि प्रत्येक हॉस्पिटलातून ‘बसली’ असं कळलं की मला वाटायचं, तेवढी मी सुटले. आता पाच सेकंद आकडा आला नाही तर चौकोन लाल होतो आणि घंटा वाजते. चाळीस मिनिटांचं काम निघालं. दोन वर्षांत मला ती चाळीस मिनिटं सापडली नव्हती.

मंगळवारी अकराला चौकशी होती. दादा आत कागद द्यायला गेला आणि मी व्हरांड्यातल्या बाकाकडे वळले. सिस्टर तिथेच होत्या, गणवेशात नव्हत्या. साध्या कपड्यांत मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. मांडीवर पर्स, तिच्यावर दोन्ही हात. त्यांनी मला बसायला जागा करून दिली.

“तुमची दुरुस्ती झाली म्हणे काल,” त्या म्हणाल्या. “पोरी सांगत होत्या. लाल होतं आता.”

“हो.”

“चांगलं केलंत.” त्यांनी पर्सचा पट्टा सरळ केला. “तुम्हाला एक विचारू? रोज इतक्या वेळा बघतो आपण त्या स्क्रीनकडे. कालचं आणि आजचं एकमेकांत मिसळू शकतं ना?”

मी पायाशी ठेवलेली पिशवी जवळ ओढली.

“कारण मला सत्त्याण्णव अगदी स्पष्ट दिसतोय हो, डोळे मिटले तरी. पण हे सगळे शिकलेले लोक म्हणताहेत की नव्हताच. घरी लेक पण म्हणाली, आई, दमली असशील. आता मला वाटायला लागलंय, नसेलच बघितलं मी. त्या माउलीला मी काय तोंड दाखवू?” त्यांनी पर्सची चेन उघडली, परत लावली. “आत जाऊन कबूल करून टाकते. सव्वीस वर्षं झाली, आता पुरे.”

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. शेजारी बसले होते मी, आमचे खांदे लागत होते. पण तेवढ्यात शिपायाने दार उघडलं, आम्हाला आत बोलावलं आणि मी त्या उघडलेल्या दारामागे लपल्यासारखी उठले.

टेबलामागे तिघं होते. मधले डॉक्टर नोंदीचा कागद बघत म्हणाले, “सिस्टर, तुम्हाला काही सांगायचंय?”

सिस्टर उभ्या राहिल्या. “साहेब, मी विचार केला. मला वाटतं माझी—”

“थांबा,” मी म्हणाले. आवाज जरा जास्तच चढला. दादाने टेबलाखालून माझा पाय दाबला. मी पाय काढून घेतला.

लॅपटॉप मी सोबत आणला होता, आणि कपाटातलं जुनं मशीनसुद्धा. पिशवीत ते का घातलं, हे मी सकाळी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. जुना प्रोग्राम चालू केला. चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. चौकोनात आकडा आला, अठ्ठ्याण्णव. मग मी मशीनमागची वायर उपटून टेबलावर ठेवली आणि बोटाचा चिमटाही काढला.

“बघा,” मी म्हणाले.

सगळे बघत राहिले. अठ्ठ्याण्णव. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पूर्ण एक फेरी फिरला. अठ्ठ्याण्णव. वायर टेबलावर पडली होती, बोट माझं माझ्याजवळ होतं, आणि चौकोनात ठणठणीत माणसाचा आकडा होता.

“आकडा आला नाही तर हा प्रोग्राम आधीचाच दाखवत राहतो,” मी म्हणाले. “नोंद होत नाही, पण दिसतो. बुधवारी अकरा मिनिटं सहा नंबरला सत्त्याण्णव होता. सिस्टरनी तो बघितला. चूक माझी आहे. मला ती दोन वर्षांपासून माहीत होती, तसं लिहूनही ठेवलंय. घ्या, वाचा.”

दादाने चेहरा हातांत घेतला. तिघं एकदम बोलायला लागले, कुणी फोन उचलला, कुणी बाराही हॉस्पिटलांची यादी मागितली. सिस्टर मात्र टेबलाजवळ आल्या. वाकून त्यांनी तो चौकोन जवळून बघितला आणि काचेवर, आकड्यावर, एक बोट ठेवलं.

“म्हणजे मी बघितलं होतं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“बघितलं होतं मी.” डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. मग माझ्याकडे वळल्या. “तुम्हाला कधी कळलं?”

“शनिवारी.”

“आज मंगळवार.”

“हो.”

“आणि आत्ता, बाहेर बाकावर?”

मी वायर गुंडाळायला लागले. त्या थांबल्या. मागे खुर्च्या सरकत होत्या, फोन वाजत होता, दादा कुणालातरी काही समजावत होता, आणि त्या माझ्यासमोर तशाच उभ्या राहिल्या.

“माहीत होतं,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, पर्स खांद्याला लावली आणि वॉर्डात, सहा नंबरच्या खाटेकडे, शिंपीकाकांच्या बायकोला सांगायला गेल्या.