सतराव्या खणातला बहिरा

मी विद्यापीठाच्या भाषा-प्रयोगशाळेतला एक जुना हेडफोन आहे आणि मित्रांनो, तुम्हाला माझी कीव यावी म्हणून मी हे सांगत नाही.

आम्ही तीस भावंडे एकाच खोक्यातून आलो. काचेच्या आडोशांनी पाडलेल्या तीस खणांत आम्हाला टांगले, मी सतराव्यात. आरंभी माझे कौतुक झाले. परक्या भाषेचे उच्चार मी मुलांच्या कानांत सोडत असे आणि त्यांचे अडखळणे समोर बसलेल्या बाईंपर्यंत पोहोचवत असे. बाई डोळे मिटून ऐकत, पुन्हा म्हणवून घेत.

बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी सर आले आणि सरांबरोबर गुण देणारी संगणकप्रणाली आली. आता ऐकणारे कोणी उरले नाही. उरले ते मोजणे. त्याच सुमारास माझ्या माइकची तार आतून तुटली. प्रयोगशाळेच्या सहायकाला हे ठाऊक होते. पण तपासणी समिती येणार म्हणून त्याने तीसही खणांवर 'सुस्थितीत' अशी चिठ्ठी डकवली. सुस्थितीतली वस्तू दुरुस्तीला कशी पाठवणार? मी तसाच राहिलो.

ज्याचा जो हजेरी क्रमांक, त्याचा तो खण. क्रमांक सतरा म्हणजे काकू. हे नाव मुलांनी ठेवलेले. चाळिशी ओलांडलेल्या, दिवसभर शिवणयंत्रावर पाय मारताना इंग्रजी वाक्ये पुटपुटणाऱ्या. माझ्यामुळे दोनदा तोंडी परीक्षेत त्यांना शून्य मिळाले. तिसरी संधी अखेरची होती. ती हुकली की पटावरून नाव कमी.

त्या सकाळी त्यांनी सहायकाला शेजारच्या रिकाम्या खणात बसू देण्याची विनंती केली.

"काकू, नंबर हलला की सगळी यादी बिघडते. चिठ्ठी वाचा की, चालू आहे तो."

सरांनी पडद्यावरची नजरही काढली नाही. "यंत्राचं तुमच्याशी काय वैर असणार?"

"मागच्या जन्मीची सासू असेल," मागून कोणीतरी म्हणाले. वर्ग हसला.

पाच मिनिटे काकू आपल्या कामाविषयी बोलल्या. तो प्रत्येक शब्द, श्वासाच्या उबेसकट, मी गिळला. पडद्यावर शून्य उमटले.

त्यांनी मला डोक्यावरून उतरवले. उठून त्या सरांच्या टेबलासमोर गेल्या आणि तेच सगळे पुन्हा, इंग्रजीत, त्यांच्याकडे पाहत बोलल्या. दोनदा अडखळल्या, दोन्ही वेळा स्वतःच सावरल्या. काचांमागे उजळणी करणारी तोंडे एकेक करून थांबली.

"चांगलं बोललात," सर म्हणाले. "पण हे भरू कुठे? इथे रकानाच नाही."

"तुम्हाला कळलं ना?"

"सगळं कळलं."

"मग तसं लिहा."

सरांनी काही लिहिले नाही. एक कळ दाबली आणि शून्य पुढे पाठवले. काकूंनी पिशवी उचलली. त्या जाताना पुढच्या विद्यार्थ्याचा क्रमांक पुकारला गेला होता.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असे माझ्या जागी दुसरा कोणी सांगेल. मी सांगणार नाही. येत्या सत्रात सतरा क्रमांकावर कोणीतरी नवे येईल, मला कानांवर चढवील आणि विश्वासाने बोलू लागेल. तुमच्यापैकी कोणी तिथे असाल तर मला ओढून काढा, मोडा, कचऱ्यात टाका. आणि मग खुर्ची वळवून त्या माणसासमोर बसा.