बुधवारचा साडू

सवत आल्यावर बाईच्या पोटात काय होत असेल, ते मला साडू आल्यावर कळलं.

साडूचं नाव डारिओ. माझ्या मेहुणीचा, अक्षराचा नवरा. आडनावाने इटालियन, जन्माने विनिपेगचाच. शाळेत मुलांना बास्केटबॉल शिकवतो. उंच, दाट केसांचा आणि सदा आनंदी. सदा आनंदी माणसाचा मला मुळातच संशय येतो. त्यातून तो मला 'शेल' म्हणतो. शैलेंद्र हे नाव त्याच्या जिभेला झेपत नाही, म्हणून माझा पेट्रोल पंप करून टाकला.

यात तुझं काय बिघडलं, असं माझी बायको ईशिता विचारते. काय बिघडलं ते सांगतो.

सोळा वर्षं मी या घरचा एकुलता एक जावई होतो. सासरे, म्हणजे आमचे बाबा, डॉक्टर जनार्दन बाहत्तर साली इथे आले. हार्ट सर्जन. अर्धं विनिपेग आपण उघडून पुन्हा शिवलंय, असं ते स्वतःच सांगतात. सासूबाई कट्टर शाकाहारी. त्यांच्या स्वयंपाकघरात अंडं शिरलंच तर केकच्या पोटात लपून शिरतं. मी साताऱ्याहून आलो तेव्हा नवं लग्न, नवी नोकरी आणि गावात ना ओळख ना पाळख. पहिल्याच हिवाळ्यात एका शनिवारी बाबा म्हणाले, "चला शैलेंद्रराव, जरा हार्डवेअरच्या दुकानात जाऊन येऊ." मी निमूट गाडीत बसलो. गाडी हार्डवेअरच्या दुकानासमोरून सरळ पुढे गेली आणि एका ग्रीकाच्या बर्गरच्या टपरीवजा हॉटेलापुढे थांबली.

"हिला बोलायचं नाही हं," बाबा म्हणाले. चाळीस वर्षं लोकांना 'तेलकट खाऊ नका' सांगणारा माणूस मला आत घेऊन गेला आणि दोन फॅट बॉय मागवले.

विनिपेगचा बर्गर म्हणजे फॅट बॉय. पावात मांसाची जाड टिक्की, वर काकडीचं लोणचं, मोहरी, मेयो आणि या सगळ्यावर ओतलेली खिम्याची पातळ तिखट ग्रेव्ही. हातात धरला की ओघळ मनगटापर्यंत. मी पाच मिनिटांत माखून गेलो. बाबांच्या पांढऱ्या शर्टावर मात्र एक थेंब नाही. ते तो बर्गर दोन्ही हातांत असा धरायचे, की त्याची हलायची हिंमत व्हायची नाही. हॉटेलचा मालक स्टाव्ह्रॉस काउंटरवरून ओरडायचा, "डॉक्टर, यू शुड टीच!" मी आपला बघत राहायचो. माझे वडील मी लहान असतानाच गेले. समोर बसून जेवणाऱ्या बापाकडे बघत राहायचं सुख मला त्या टेबलावर पहिल्यांदा मिळालं.

मग तो आमचा शनिवारच झाला. सेंट बोनिफेसमधला जाड चीजचा पिझ्झा, नॉर्थ एंडमधला चौकोनी पिझ्झा, नदीकाठचा कोळशावरचा बर्गर, गावात एक जागा आम्ही सोडली नाही. कोण पहिला, कोण दुसरा यावर कडाक्याचं भांडायचो आणि फिरून ग्रीकाकडेच यायचो. येताना उणे पंचवीसमध्ये गाडीच्या काचा खाली करायच्या, म्हणजे कोटांचा वास उडून जायचा. आणि हार्डवेअरच्या दुकानात खरंच थांबून काहीतरी घ्यायचं, पुरावा म्हणून. बाबांच्या बेसमेंटमध्ये आज इतक्या बिजागऱ्या आहेत, की त्या घराला तेवढी दारंच नाहीत.

गेल्या वर्षी सप्टेंबरात अक्षराने डारिओशी लग्न केलं. लग्नात मी फेटा बांधून नाचलो. कानामागून येऊन तिखट कसं होतात, ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

फेब्रुवारीपासून बाबा बदलले. ग्रीकाकडे गेलो की स्वतःपुरता फक्त मिल्कशेक मागवायचे आणि स्ट्रॉने ओढत बसायचे. "तुम्ही खा, माझं पोट जड आहे." हात जाकिटाच्या खिशात. गप्पा अर्धवट. मार्चमध्ये लागोपाठ दोन शनिवार, "आज नको, बर्फ फार आहे." पन्नास वर्षं विनिपेगमध्ये काढलेला माणूस मला बर्फाचं कारण सांगतो!

एप्रिलमध्ये त्यांच्या घर तापवणाऱ्या फर्नेसचं फिल्टर बदलायला मी बेसमेंटमध्ये उतरलो, तर बिजागऱ्यांच्या डब्यावर एक नवीकोरी पितळी कडी. ती आम्ही घेतलेली नव्हती. उलटून पाहिलं, तर दुकानाचं लेबल कोरिडन अॅव्हेन्यूचं. आम्ही हार्डवेअरसाठी त्या बाजूला कधी जात नाही. नवऱ्याच्या कोटावर परका लांब केस सापडावा, तसा मी ती कडी हातात धरून उभा राहिलो.

वर येऊन सासूबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ती होय, बुधवारची," त्या म्हणाल्या. "शाळा सुटली की डारिओ घेऊन जातो ना यांना, हार्डवेअरला. दर बुधवारी. बाई बाई, माझे दोन्ही जावई सुतारकामाचे हौशी निघाले!"

दर बुधवारी! आणि निमित्तही तेच! माणसाने दुसरं निमित्त तरी शोधावं.

कोरिडनला काय आहे ते मला ठाऊक होतं. डारिओच्या मामाचं हॉटेल. मुठीएवढे मीटबॉल, लसणीचा पाव, गुलाबी सॉसमधला पेने पास्ता आणि चीजने बुजलेला पिझ्झा. इटलीत म्हणे असलं कोणी खातच नाही. हे सगळं अमेरिकेत येऊन जन्मलं. म्हणजे आपल्याकडच्या चायनीज भेळेतला प्रकार. त्या चायनीज भेळेसाठी माझा शनिवार ओस पडला होता. रात्री जेवताना मी हे ईशिताला ऐकवलं.

"यू आर जेलस, शैलेंद्र," ती म्हणाली. "ऑफ डारिओ! अरे, ही इज जस्ट बीइंग नाइस. बाबांना जाऊ दे ना कोणाबरोबरही." आणि तिने विषय बदलला. तिने विषय बदलला हेही मला आवडलं नाही.

मे महिन्यात अधिक महिना लागला. जावयांना वाण द्यायचा महिना. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. यंदा सासूबाईंकडे अकरावाही जेवायला होता. दोघांसाठी दोन तबकं, प्रत्येकात तेहतीस अनारसे, वर निरांजन. डारिओने अनारसा उचलून विचारलं, "इज इट लाइक अ डोनट?" सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पहिल्या अधिकात मी त्याच अनारशाला जरा कडक म्हणालो होतो, तर दोन दिवस अबोला होता.

जेवायला बसलो. आणि बाबांनी चमचा मागितला. वरणभाताला!

हाच माणूस मला म्हणायचा, चाळीस वर्षं हातमोजे घालून काम केलं, आता जेवताना तरी बोटांना चव कळू दे. चमच्याने भात खाणाऱ्यांची ते नक्कल करायचे. समोर डारिओ चमच्याने खात होता. त्याला सोबत म्हणून! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "काय बाबा, इटालियन झालात वाटतं?"

डारिओ हसला. बाकी कोणी हसलं नाही. बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "वय झालं हो." माझा विश्वास बसला नाही.

पुढच्या बुधवारी मी अर्धी रजा टाकली आणि कोरिडनवर, मामाच्या हॉटेलसमोर गाडी लावून बसलो. पन्नाशीला आलेला माणूस, सासऱ्यावर पाळत ठेवून! लाज वाटत होती, पण हललो नाही.

चारच्या सुमाराला दोघं आले. नेमके खिडकीपाशी बसले. लाल चौकड्यांचा टेबलक्लॉथ, मधे पिझ्झा. डारिओने त्याचे बारीक बारीक चौकोन केले, लहान मुलाला करून द्यावेत तसे. मग बाबांच्या कॉलरमध्ये पांढरा नॅपकिन खोचला. बाबांनी काटा उचलला. त्यांचा हात थरथरत होता. थोडाथोडका नाही, सॉस तोंडापर्यंत पोचायच्या आत सांडत होता. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि घास कसाबसा तोंडात गेला. डारिओ हातवारे करत काहीतरी मॅचबिचचं सांगत होता. सांगता सांगता, त्यांच्याकडे न बघताच, त्याने हात लांब करून त्यांची हनुवटी पुसली आणि गोष्ट पुढे चालू ठेवली. आणि बाबा तोंड उघडून, खदखदून हसत होते.

इथे माझं काळीज हलायला हवं होतं. हललंही, पण नंतर. आधी काय वाटलं ते कशाला लपवू? तो नॅपकिन माझ्या हातात असायला हवा होता, म्हणून मी जळलो.

घरी आल्या आल्या ईशिताला विचारलं, "बाबांच्या हाताला काय झालंय?"

ती खुर्चीत बसली. "पार्किन्सन्स. फेब्रुवारीत डायग्नोज झालं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"बाबांनीच नको म्हटलं. आय प्रॉमिस्ड हिम. एवढ्यात शैलेंद्रला बोलू नका म्हणाले, आईलासुद्धा त्यांनी तेच बजावलंय."

"डारिओला माहीत आहे?"

"अपॉइंटमेंटला त्यानेच नेलं होतं."

म्हणजे घरात एकटा मीच परका. सोळा वर्षांचा जावई परका आणि आठ महिन्यांचा घरचा. मग मी ठरवलं, डारिओ जे करतो ते मी त्याच्यापेक्षा चांगलं करून दाखवीन.

शनिवारी बाबा नको नको म्हणत असताना मी त्यांना गाडीत घातलं. ग्रीकाकडे दोन फॅट बॉय मागवले, आणि सुरी-काटा. ताटली समोर आल्याबरोबर मी त्यांच्या बर्गरचे तुकडे केले, अगदी बारीक. कॉलरमध्ये नॅपकिन खोचला. आणि त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून टीव्हीकडे बघत ऑफिसमधला एक किस्सा सुरू केला. हातवारेसुद्धा केले.

किस्सा संपला. मी वळून पाहिलं. बाबांनी काटा उचललाच नव्हता. ताटलीतले तुकडे ग्रेव्हीत भिजत होते. काउंटरमागून स्टाव्ह्रॉस आमच्याकडे बघत होता, आणि मी बघितल्यावर त्याने मान फिरवली. बाबांनी नॅपकिन कॉलरमधून काढायला बराच वेळ घेतला. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू द्या." मग म्हणाले, "चला."

गाडी चालू केली नाही तोच त्यांनी विचारलं, "बुधवारी तुम्ही येऊन बघितलंत?"

"हो."

"ईशितानेही सांगितलं असेल."

"सांगितलं." आणि मग माझ्याच्याने राहवेना. "त्याच्यासमोर चालतं, बाबा, मग माझ्यासमोर का नाही? तो कालचा आलेला. मी सोळा वर्षं तुमच्याबरोबर जेवतोय!"

"म्हणूनच," बाबा म्हणाले.

त्यांचे हात आता खिशात नव्हते; मांडीवर होते आणि थरथरत होते. "डारिओने मला आधीचा बघितलेलाच नाही. त्याला मी म्हणजे हा असा म्हातारा. त्याच्यासमोर सांडलं तर सांडलं, शैलेंद्रराव. तुम्ही माझ्या हातांकडे कसे बघत बसायचात, ते मला माहीत आहे. ऑपरेशन थिएटर सुटल्यावर तसं कोणी बघितलं नाही. वाटलं, तुमच्यापुरते तरी ते हात होते तसे राहू देत."

आयुष्यात एवढ्या मायेचं कोणी मला बोललं नव्हतं. आणि त्याच बोलण्यात माझा शनिवार गेला, तो गेलाच. त्यानंतर मी दोनदा विचारलं. दोन्हीदा त्यांनी अगदी प्रेमाने नाही म्हटलं.

जूनच्या शेवटी त्यांचा फोन आला. "शैलेंद्रराव, डारिओची गाडी गॅरेजला आहे. बुधवारी मला कोरिडनला सोडाल का? तो परस्पर शाळेतून येतोय."

सोडतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आफ्टरशेव्ह लावलं होतं. वाटेत क्रिकेटवर, हवेवर बोलले, छान खुशीत होते. ती खुशी माझ्यासाठी नव्हती, हे मला सारखं टोचत होतं. हॉटेलपाशी डारिओ फुटपाथवर उभाच होता. त्याने दार उघडलं, बाबांच्या कोपराखाली हात घातला आणि त्यांना अलगद उभं केलं. बाबा उघड्या दारातून वाकून म्हणाले, "तुम्ही थांबू नका हं, तो रिक्षा... ते उबर करील."

मला आत बोलवणार नाहीत, हे ठाऊक होतं. का बोलवणार नाहीत, तेही ठाऊक होतं. तरी काहीतरी माझं म्हणून त्या टेबलावर जावं असं वाटलं. मी सीटवरून दाराच्या बाजूला वाकलो.

"डारिओ, लिसन. ही लाइक्स एक्स्ट्रा चिली. आणि कोकमध्ये बर्फ नको, नो आइस. त्यांच्या दातांना लागतं."

"आय नो, मॅन," डारिओ हसून म्हणाला, आणि त्याने माझ्या गाडीचं दार हळूच लावलं.