चार नंबरचा लाडू

जहिदाचाचींच्या खिडकीत मातीचे सात लाडू वाळत होते आणि प्रत्येकाखाली नंबराची चिठ्ठी होती. बाहेरच्या कुणी पाहिलं असतं तर म्हातारीचं डोकं फिरलंय असंच म्हटलं असतं. पण गोदाकाठ क्लबच्या दगडी भिंतीच्या जुन्या मैदानाची खेळपट्टी बेचाळीस वर्षं या लाडवांवरच ठरत आली होती.

रीत हबीबमियाँची, चाचींच्या नवऱ्याची. ते मैदानाचे माळी. सायखेड्याकडची नदीकाठची काळी माती आणायची, मालेगावच्या मांजरपाटातून वस्त्रगाळ करायची, भिजवून लाडू वळायचे, आठ दिवस सावलीत सुकवायचे आणि खांद्याच्या उंचीवरून फरशीवर सोडायचे. जो फुटत नाही, ती माती खेळपट्टीची. वळायचं काम पहिल्यापासून चाचींचं. हबीबमियाँचे हात गरम, त्यांचा लाडू सुकता सुकताच तडकायचा.

ते जाऊन सहा वर्षं झाली. दफन करून माणसं परतली तेव्हा भारत दारात उभा राहून म्हणाला होता, "चाची, क्लब कुठंही जाणार नाही. हबीबचाचांच्या खेळपट्टीवरच खेळू, माझा शब्द." तेव्हा तो कप्तान होता. आता क्लब मोठ्या लीगमध्ये खेळत होता, खेळाडू पगारी झाले होते आणि भारत क्लबचा व्यवस्थापक होता. चांदवडच्या बाजूला हायवेवर नवं स्टेडियम होतंय, क्लब तिकडे जाणार, असं लोक म्हणायचे. चाची हसून सोडून द्यायच्या. भारतनं शब्द दिला होता ना!

एप्रिलमध्ये सात पिशव्या घेऊन तोच आला होता.

"चहा नको चाची, घाईत आहे."

"घाईच होती तर माती कशाला आणलीस? तिला आठ दिवस लागतात. बस गुपचूप."

तो बसला. चहा बशीत ओतत म्हणाला, "या वर्षी सगळं नवं करायचंय. खेळपट्टीच्या नऊच्या नऊ पट्ट्या."

"या अल्ला! आमचे मियाँ मागून मागून थकले, तेव्हा वर्षाला एक ट्रॉली पाठवायचात."

"आता मागायचं नाही. तुम्ही फक्त माती सांगा."

दगडी मैदानात पाचाच्या वर पट्ट्या बसत नाहीत, हे चाचींना झोपेतून उठवून विचारलं तरी त्यांनी सांगितलं असतं. त्या दिवशी मात्र आनंदात त्यांना ते सुचलंच नाही.

आठवड्यानं सहा लाडू फुटले. चार नंबरचा फरशीवर टणकन आपटला, लोळत कपाटाखाली गेला आणि अख्खा बाहेर आला. चाचींनी लगेच फोन केला. "चार नंबर. लंकाबाईच्या मळ्यातली ना? मी वळतानाच ओळखली."

नव्या मातीवर पहिलं पाणी माळ्याच्या घरच्या बाईनं घालायचं आणि न फुटलेला लाडू गोलंदाजाच्या टोकाला पुरायचा, हीसुद्धा क्लबची रीत. तीन आठवडे झाले तरी बोलावणं आलं नाही, तेव्हा चाचींनी तांब्याची कळशी घासली, लाडू रुमालात बांधला आणि रिक्षा केली.

फाटकावर पुंजा बसला होता, तिथला जुना राखणदार.

"चाची? तुम्ही इकडं कशा?"

"पाणी घालायला. माती पडली ना?"

"कुठली माती? इथं टोपलीभरबी नाय आली." पुंजा उठून उभा राहिला. "पंधरा दिस झाले, डंपर हायवेला जात्यात, नव्या स्टेडियमला. मला वाटलं तुम्हाला ठावं हाय. माती चाचीनं निवडली, असं साहेब सगळ्यांना सांगत्यात."

चाची कळशी घेऊन आत गेल्या. खेळपट्टीला भेगा पडल्या होत्या, त्यांतून हरळी वर आली होती. रोलरही नेला होता. तो उभा असायचा तिथलं गवत तेवढं पिवळं होतं.

पुंजानं फोन केला असावा. अर्ध्या तासात भारत आला.

"चाची, मी येणारच होतो तुमच्याकडे."

"कधी? तिकडची पहिली मॅच झाल्यावर?"

"वरून ठरलं सगळं. माझ्या हातात नव्हतं."

"पिशव्या तर तुझ्याच हातात होत्या, बेटा."

तो बुटाच्या टोकानं हरळी उकरत राहिला.

"मला सांगायचं होतंस," चाची म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर तुम्ही माती निवडली असती?"

त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. म्हणजे हे चहा पितानाच ठरलेलं होतं. बशी त्यांच्याच घरची होती.

"चला ना तिकडे," भारत घाईनं म्हणाला. "पहिलं पाणी तुम्हीच घालायचं. खुर्ची ठेवलीय, फोटोवाले येतील. लाडू आणलाय ना? तो तिथंच पुरू. आणि एक विचारायचं होतं. पाण्यानंतर पहिला रोलर कधी फिरवायचा? नव्या लोकांचं एकमत होत नाहीये."

'दुसऱ्या दिवशी सकाळी' एवढं खोटं सांगितलं तरी पुरलं असतं. वरची माती दबून घट्ट झाली असती, खालची ओली राहिली असती आणि मोसमाच्या मध्यात पट्ट्या फाटल्या असत्या. शब्द चाचींच्या जिभेवर आला. मग त्यांना एक जुना सामना आठवला. भेगेवरून उसळलेल्या चेंडूनं एका पोराचे पुढचे दात गेले होते आणि हबीबमियाँ दोन दिवस जेवले नव्हते.

"अंगठा दाबून बघायचा," त्या म्हणाल्या. "ठसा उठला पाहिजे, पण माती अंगठ्याला चिकटता कामा नये. त्याआधी रोलर लावू नका. कुणाचं तरी तोंड फुटेल."

"थँक्यू, चाची. मला माहीत होतं, तुम्ही..."

"पुढच्या वर्षी पिशव्या घेऊन माझ्या दारात येऊ नकोस."

त्यानं लाडवासाठी हात पुढे केला होता. चाचींनी रुमाल पदराखाली घेतला. "हा इथला आहे."

गाडी गेली. चाची गोलंदाजाच्या टोकाला खाली बसल्या. त्या मातीखाली आधीच्या वर्षांचे लाडू होते. पुंजानं खुरप्यानं खड्डा केला. त्यांनी चार नंबरचा लाडू आत ठेवला आणि हातानं माती लोटली.

"पण आता इथं खेळणार कोण, चाची?" पुंजानं विचारलं.

"तू नळावरून कळशी भरून आण," चाची म्हणाल्या, "आणि काठोकाठ भर."