करंटप्पाचा अंगारा

अमावास्येची सकाळ. उणकलच्या तळ्याजवळ एका पत्र्याच्या शेडपुढे ही गर्दी! फुकट जिलबी वाटताहेत की काय असं वाटावं. रिक्षा, टेम्पो, नव्या कोऱ्या दुचाक्या, सगळ्यांच्या तोंडाला लिंबू-मिरची बांधलेली. आणि मधोमध मालतीची पांढरी इलेक्ट्रिक गाडी, बॉनेट आ वासून उभी. चालता चालता रस्त्यातच बंद पडली होती. चौघांनी ढकलत आणली होती.

मागच्या सीटवर मालतीचे सासरे बाळकृष्णपंत बसले होते. त्यांच्या किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून तीनदा त्यांना धारवाडहून हुबळीला डायलिसिसला न्यायचं काम मालतीचं. नऊची वेळ ठरलेली. मालती एकदा घड्याळाकडे बघे, एकदा त्यांच्या सुजलेल्या पायांकडे. तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

महिन्याभरातली ही तिसरी वेळ. उणकलजवळ रस्ता खणून पुन्हा बुजवला होता. त्या उंचवट्यावरून गाडी दणकन उतरली की समोरचा पडदा काळा, स्टिअरिंग दगडासारखं जड, आणि मागून येणाऱ्या मालट्रकचा भोंगा कानात. आजचा ट्रक हातभर अंतरावर थांबला होता.

"नोडरी, नोडरी! बघा मंडळी!" शेडमधून करंटप्पा बाहेर आला. भगवी लुंगी, कपाळभर भस्म, आणि गळ्यात रुद्राक्षांच्या जोडीला चार्जिंगची जुनी वायर! विजेच्या गाड्यांची बाधा उतरवणारा सबंध जिल्ह्यात एकटाच, अशी त्याची ख्याती. अर्थात ती त्यानंच पसरवलेली.

"गाडी चालवत होतं कोण?"

"मी," मालती म्हणाली.

"हां! तिथंच घोटाळा!" करंटप्पानं मांडीवर थाप मारली. "पेट्रोलच्या गाडीत अग्नी. अग्नी पुरुष. हिच्यात वीज. वीज म्हणजे बाई! बाईवर बाई बसली की तळ्यातल्या देवीला, अक्काला, सवत आल्यागत होतंय. हौदल्ल? खरं की नाही?"

"हौदु, हौदु!" गर्दीनं माना डोलावल्या. मालतीच्या सासूबाई, इंदुमती, त्यांनी तर हातच जोडले.

"अक्का चार्ज कुठून करते म्हणावं?" मागून बाळकृष्णपंत पुटपुटले. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

करंटप्पानं लोकांकडे पाठ केली, बॉनेटमधल्या छोट्या काळ्या पेटीवर अंगारा टाकला, वर लिंबू पिळलं, तोंडानं ह्रीं-फट करत खसाखसा चोळलं. मग मुठीत काहीतरी धरून करकचून पिळलं. "अम्मा, बटण दाब!"

मालतीनं दाबलं. पडदा उजळला. गर्दीनं एकच गजर केला.

"एकवीस दिवस हिनं स्टिअरिंगला हात लावायचा नाही," करंटप्पानं बजावलं. "आणि दर अमावास्येला अक्काचं तीर्थ ह्या पेटीवर घालायचं."

"घालते की हो अप्पा! सहा महिने झाले, तुमच्याच बाटलीतलं," इंदुमतीबाई म्हणाल्या. "ह्या मेल्या गाडीला इंजिनच नाही. पूजा करायची कुणाची? एवढी पेटी तेवढी दिसते, तिलाच कुंकू लावते, नारळाचं पाणी सोडते, मग तीर्थ."

संध्याकाळी मालतीचा नवरा श्रीकांत कोप्पीकर रोडवरचं कापडाचं दुकान बंद करून आला आणि त्यानं आधी किल्लीच मागितली.

"रविवारी मी चालवतो तेव्हा बरी कधी बंद पडत नाही?" तो म्हणाला.

"रविवारी तुम्ही मार्केटपर्यंत जाता हो! उणकलचा रस्ता बघितलाय का?"

"वाद नको, मालती. बाबांच्या जिवाशी खेळ नाही. भाड्याची गाडी बघू."

तिनं किल्ली टेबलावर ठेवली. अडतिसाव्या वर्षी शिकली होती ती गाडी. मैदानात फेऱ्या मारताना शेजारी बसायला एकटे सासरेच तयार झाले होते.

भाड्याची गाडी पुढच्या खेपेला दीड तास उशिरा आली. दवाखान्यातली पाळी दुसऱ्याला गेली, डायलिसिस अर्धंच झालं. दुपारी बाळकृष्णपंतांना अशी धाप लागली की इंदुमतीबाईंचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. जरा श्वास बसल्यावर पंतांनी उशीखालून दुसरी किल्ली काढून सुनेच्या हातात दिली.

"मामंजी, हे काय?"

"विज्ञानाच्या शिकवण्या घेतेस ना? मग पोरांना सांगतेस ते स्वतः कर. उघडून बघ."

मालतीनं बॉनेट उघडलं. काळ्या पेटीच्या दोन खुंट्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी खपली चढलेली, वर कुंकवाचे थर. एक खुंटी धरून हलवली तर वरची वायरची पकड गदगदा हलली. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. करंटप्पानं मुठीत धरून पिळली होती ती हीच!

ती तडक स्वयंपाकघरात गेली. देव्हाऱ्यातली तीर्थाची बाटली उचलली, चार चमचे पळीत ओतले आणि पळी गॅसवर धरली.

"अगं, तीर्थ उकळतेस? पाप लागेल!" इंदुमतीबाई ओरडल्या.

पाणी आटलं. तळाशी पांढरी पूड उरली. मालतीनं ती सासूच्या बोटावर ठेवली. "चाखा."

"...मीठ?"

मालतीनं खुंट्यांचा फोटो काढला आणि बस धरून हुबळीतली कमरीपेठ गाठली. तिथल्या बॅटरीवाल्या भीमसेनअण्णांनी फोटो बघितला, करंटप्पाच्या तीर्थाची हकीकत ऐकली आणि ते पोट धरून हसले.

"करंटप्पा? अहो, आमच्याच दुकानात सहा वर्षं बॅटऱ्यांची टोकं घासत होता! लिंबानं खपली सुटते, राखेनं घासलं जातं, पिळलं की पकड बसते. आठ-दहा दिवसांनी पुन्हा सैल. तोवर मिठाचं पाणी घालायला तुम्ही आहातच!"

"पण गाडी धावते मोठ्या बॅटरीवर, अण्णा."

"धावते मोठीवर, जागी राहते ह्या काळ्या पेटीतल्या छोटीवर. घरात पोतंभर तांदूळ असले तरी चूल पेटवायला काडी लागतेच की. धक्क्यानं ही पकड सुटली की तुमच्या गाडीचा मेंदूच झोपतो, मग मोठी बॅटरी आपणहून वेगळी होते. बाईचा काय संबंध त्यात?"

दोन दिवसांनी पुन्हा डायलिसिसचा दिवस. मालतीनं पकड तेवढी आवळून गाडी तासभर लवकर काढली. श्रीकांत "तमाशा नको" म्हणत शेजारी बसला. इंदुमतीबाई मागे, नवऱ्याचा हात घट्ट धरून. शेडपुढे आजही गर्दी होती, आणि तिच्यात भीमसेनअण्णा स्कूटर लावून उभेच होते. त्यांना बघून करंटप्पाचा चेहरा पांढराफटक पडला. भस्म लावायची गरजच उरली नाही.

अण्णांनी सगळ्यांदेखत पान्यानं पकड सैल केली. गाडी मेली.

"अप्पा, बाधा उतरवा," मालती म्हणाली. "पण आज लिंबू नाही, अंगारा नाही, हात लावायचा नाही. फक्त मंत्र."

करंटप्पानं डोळे मिटले, ह्रीं झालं, फट झालं. घामाच्या धारा लागल्या. मालतीनं बटण दाबलं. पडदा काळाच.

"अक्का आज कोपली आहे!"

"कोपू दे," मालती म्हणाली. तिनं गरम पाण्यात खायचा सोडा कालवला, जुन्या दातांच्या ब्रशनं दोन्ही खुंट्या घासल्या, फडक्यानं कोरड्या केल्या आणि दहा नंबरच्या पान्यानं पकड आवळली.

"मामंजी, तुम्ही दाबा."

बाळकृष्णपंतांनी पुढे वाकून बटण दाबलं. पडदा उजळला.

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. एका टेम्पोवाल्यानं आपलं बॉनेट उघडून आत डोकं घातलं. करंटप्पा "आलो, आलो" करत शेडच्या मागच्या बाजूनं सटकला.

"पूजा करा, हात जोडा, कोण नको म्हणतंय?" मालतीचा आवाज चढला होता. "पण गाडी थांबली तर आधी कारण शोधा. ट्रक मागून येतो तेव्हा अंगारा आडवा येत नाही. आणि बाई चालवते म्हणून थांबली असं कोणी म्हणालं तर त्याला पुरावा मागा. इतकं तरी स्वतःच्या डोक्याशी प्रामाणिक राहा."

श्रीकांतनं मान खाली घातली. "चुकलो," एवढंच म्हणाला.

इंदुमतीबाईंना मात्र रडू आवरेना. "माझ्या हातानं मीठ घातलं गं! ट्रक आदळला असता तर?"

"आदळला नाही ना? चला, नऊ वाजायला आले."

पुढच्या अमावास्येला इंदुमतीबाई ताम्हन घेऊन अंगणात आल्या. बॉनेट बंदच होतं. त्या गाडीभोवती एक फेरी मारून गोंधळून उभ्या राहिल्या.

"मालती, आता कुंकू लावायचं कुठं?"

"लावा की दाराला."

त्यांनी दाराकडे बघितलं, मग सुनेकडे. आणि अंगठ्यानं मालतीच्या कपाळावर कुंकू टेकवलं.

"गाडी नेतेस तू," त्या म्हणाल्या. "बस आत. उशीर होतोय."