डोकी उडवणारा कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना झटपट कॅमेरा आहे. माझे बटण दाबले की पोटात घर्रर्र होते, कुणी वेडावून जीभ काढावी तसा एक पांढरा कागद बाहेर येतो आणि बघता बघता त्यावर चित्र उमटते. अंगाने मी जाडजूड आहे, कोपऱ्यावर एक ओरखडा आहे आणि स्वभाव थोडा बढाईखोर आहे. पण माझी हकिकत ऐका आणि मग ठरवा, एवढी बढाई मला शोभते की नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझे भिंग बसवले आणि त्याच्या वर, कपाळाच्या जागी, डोळा लावून बघायची छोटी खिडकी बसवली. मग मला फडक्याने असे पुसले की जणू मी त्यांच्या पोटचा गोळाच.

पहिल्या घरात माझे फार लाड झाले. पाहुणे आले की मला बाहेर काढत, सगळ्यांना अंगणात ओळीने उभे करत आणि फोटो हातोहात पळवत. पुढे त्या घरात बाळ जन्मले. मग जो तो जवळ जाऊन फोटो काढू लागला, आणि माझे ग्रह फिरले. बाळाचा फोटो काढावा, तर गळ्यापासून खाली बाळ आणि वर काहीच नाही! आजीचा काढावा, तर नुसती हनुवटी. "हा मेला डोकी उडवतो," असे म्हणून त्यांनी मला कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी कोंबले. डोळा असून अंधारात बसणे काय असते, ते मला विचारा. कित्येक वर्षांनी घर आवरताना मी सापडलो आणि कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या आणि विकणाऱ्या बाईंच्या दुकानात येऊन पडलो.

तिथे एके दिवशी एक मुलगी बाबांचे बोट धरून आली. वाटेत मुंगी दिसली तरी थांबून बघायची, म्हणून घरात तिला सगळे गोगलगाय म्हणत. तिला फोटो काढायचा नाद लागला होता आणि बाबा तिला पहिला कॅमेरा घेऊन देणार होते. बाबांना गुलाबी, नवाकोरा, स्वतःकडे बघायला आरसा असलेला कॅमेरा आवडला. गोगलगायीने तो डोळ्याला लावला, खाली ठेवला. दुसरा लावला, तोही ठेवला. मग तिने मला उचलले.

"बाबा, हा जड आहे. हातात हलत नाही. आणि याचा फोटो केवढा मोठा येतो!"

"अगं, पण किती जुना आहे तो!"

दुकानदार बाई खरे बोलणाऱ्या होत्या. "याच्याबद्दल तक्रार होती," त्या म्हणाल्या. "मी उघडून बघितला, आत सगळं ठीक आहे. आठवडाभर वापरा. नाही जमलं तर परत आणा आणि गुलाबी घेऊन जा. याचे मी सुटे भाग करून टाकीन."

सुटे भाग! म्हणजे माझे भिंग एकीकडे आणि बटण दुसरीकडे!

गोगलगायीचे आजोबा शिंपी होते. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचे दुकान होते. त्यांची लेक, म्हणजे गोगलगायीची आत्या, नोकरीसाठी दूर थंड देशात निघाली होती आणि आजोबा तिच्यासाठी जाड लोकरी कोट शिवत होते. मी घरात आलो तशी आत्या म्हणाली, "गोगलगायी, माझा आणि आजोबांचा एक फोटो काढून दे. फोनमधला नको, हातात धरता येईल असा." आजोबांनी लगेच माझ्या कागदाचे माप घेतले आणि कोटाच्या आत, छातीपाशी, बरोबर तेवढाच खिसा शिवला. फोटोचा पत्ता नव्हता, पण खिसा तयार!

आणि मी? मी माझे गुण उधळले. आईचे डोके उडाले, शेजारच्या कुत्र्याचे नुसते पाय आले, बाबा तर शर्टापुरतेच उरले. फिल्मच्या पाकिटात शेवटचा कागद राहिला. आत्या निघायची त्याच दिवशी माझाही आठवडा भरत होता. बाबा म्हणाले, "उद्या आत्याला सोडून येताना हा परत देऊन टाकू." गोगलगाय मला आणि काढलेले सगळे फोटो घेऊन आजोबांच्या टेबलाखाली जाऊन बसली. मला रडू येत होते, पण कॅमेऱ्याला रडायची सोय नसते.

वर आजोबा कापड बेतत होते. थोड्या वेळाने तिने डोके वर काढले.

"आजोबा, तुम्ही कात्री खडूच्या रेघेवर का नाही धरत?"

"ही डावीकडे ओढते गं. म्हणून मी थोडी उजवीकडे धरतो. मग बरोबर रेघेवर येते."

"मग नवी का नाही घेत?"

"नवी कुठं ओढेल, कुणास ठाऊक! हिची खोड मला पाठ आहे."

गोगलगायीने फोटो ओळीने मांडले. जवळून काढलेल्या प्रत्येकात वरचाच भाग गेला होता. गच्चीवरून काढलेले लांबचे झाड मात्र शेंड्यासकट आले होते. मग तिने मला फिरवून माझ्या तोंडाकडे बघितले. एक बोट खिडकीवर ठेवले, दुसरे भिंगावर.

"हां! बघायला लावतोस वरून आणि फोटो काढतोस खालून, होय रे?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यातून सगळ्यांनी बघितले, माझ्याकडे कुणीच बघितले नव्हते!

दुसऱ्या दिवशी सामान दारात आले. टॅक्सीवाला हॉर्न वाजवू लागला. आत्याने कोट घातला आणि ती आजोबांना खेटून उभी राहिली. गोगलगाय जवळ गेली आणि तिने माझे तोंड वर उचलले.

"अगं, भिंतीचा फोटो काढतेस का?" बाबा ओरडले. "खाली घे, खाली! शेवटचाच कागद आहे."

"नाही, असाच."

"राहू दे, मी फोनवर काढतो."

"दादा, तू गप्प बस," आत्या म्हणाली. "ती काढतेय ना!"

बटण दाबले गेले. घर्रर्र! गोगलगायीने कागद टेबलावर पालथा घातला आणि वर हात ठेवून उभी राहिली. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला, पण जागचे कुणी हलले नाही. शेवटी तिने कागद उलटला. आधी कोटाची बटणे दिसू लागली. मग आजोबांच्या गळ्यातली टेप, मग हनुवट्या. बाबांनी डोळेच मिटून घेतले. मग ओठ आले, नाके आली, चार डोळे आले, आजोबांचे पांढरे केस आले आणि त्यांच्याही वर बोटभर भिंत आली!

"आली! डोकी आली!" गोगलगाय उड्या मारू लागली.

"गोगलगाय आणि पोटात पाय!" आत्याने तिला उचलून गरागरा फिरवले. आजोबांनी फोटो खिशात सरकवला. तो अगदी मापात बसला. त्यांनी लेकीच्या कोटाचे बटण लावले आणि बराच वेळ त्यावरून हात काढला नाही. बाबांनी मला मागून पुढून निरखले आणि स्वतःच दुकानात फोन लावला. "बाई, कॅमेरा परत येत नाही. फिल्मची पाकिटं मात्र काढून ठेवा!"

अशी मित्रांनो, माझी जीत झाली. आज गोगलगाय मोठी फोटोग्राफर आहे आणि मुलांना शिकवते. पहिल्या दिवशी ती मलाच त्यांच्या हातात देते आणि माझी खोड मुद्दाम सांगत नाही. मुले डोकी उडवतात आणि माझ्या नावाने बोटे मोडतात. मी मनात हसतो.

तुम्हाला एवढेच सांगतो. घरातले काही चुकू लागले, तर त्याला लगेच कपाटात ढकलू नका. ते कसे चुकते, तेवढे आधी बघा. नेमाने चुकणाऱ्याला सांभाळून घेता येते. आणि माझ्यावर विश्वास नसेल, तर आत्याला विचारा. तिचा कोट आता बाह्यांना विरला आहे, पण आतल्या खिशात एक बाप आणि एक लेक अजून शेजारी शेजारी उभे आहेत, आणि दोघांचीही डोकी जागच्या जागी आहेत.